नाव, गाव आणि रिंगणातली वर्षं

आमच्या नेसा वस्तीत कोमेताचा चेहरा कोणी पाहिलेला नव्हता. त्याच्या हातचा तोर्ता न खाल्लेला माणूस मात्र शोधूनही सापडला नसता. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याची गाडी होती. पाव शेकताना, मांस परतताना, हिरवी मिरची जास्त घालू का म्हणून विचारताना तो कायम मुखवट्यात. चंदेरी मुखवटा, कपाळावर तांबडा धूमकेतू, त्याचं शेपूट पार मानेपर्यंत गेलेलं. कोमेता म्हणजे धूमकेतूच. खाता-बोलता यावं म्हणून हनुवटी आणि ओठ तेवढे उघडे.

एकदा एक ट्रकवाला म्हणाला, "म्हातारा झालास की रे. आता तरी काढ ते."

कोमेतानं त्याच्या तोर्त्यात मिरची दुप्पट घातली आणि म्हणाला, "आधी तू पँट काढ, मग मी हे काढतो."

गाडीभोवतीचे सगळे हसले, पण त्याला हसू आलेलं नव्हतं. आमच्याकडे मुखवट्याचा कुस्तीगीर मुखवटा काढतो तो फक्त हरल्यावर. मुखवट्याची पैज लागते, तीन डाव होतात, आणि हरलेल्यानं रिंगणाच्या मधोमध उभं राहून स्वतःच्या हातानं नाड्या सोडायच्या. मग त्याच्या तोंडापुढे माइक धरतात. त्यानं छातीवर हात ठेवून तीन गोष्टी सांगायच्या: नाव, गाव आणि रिंगणातली वर्षं. दुसऱ्या दिवशी पेपरात चेहरा छापून येतो आणि तो माणूस चारचौघांसारखा होऊन जातो. वस्तीत ह्या प्रकाराचं इतकं वेड, की पोरं गोट्या हरली तरी छातीवर हात ठेवून नाव-गाव-वर्षं म्हणतात. गुत्त्यात डोमिनो हरलेला दारुडा खुर्चीवर चढून तेच म्हणतो आणि बाकीचे टाळ्या पिटतात.

कोमेता एकतीस वर्षं लढला. गुडघे गेले, खांदा गेला, उजवा कान गेला. मुखवटा गेला नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या बायकोचं, ओब्दुलियाचं. पेपरवाले यायचे, कोमेताचे फोटो काढून जायचे, आणि ही मागे उभी राहून कांदा चिरत असायची. त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं की कांदा चिरणारी बाई म्हणजे एके काळची कुस्तीगीर, तांबडी कोमेता. ती लढायची तेव्हा राजधानीत बायकांच्या कुस्तीला बंदी होती. म्हणून ती गावोगावच्या जत्रांत आणि गुरांच्या बाजारात, चार फळ्या ठोकून केलेल्या रिंगणात लढली. एकदा फळीचा खिळा तिच्या मांडीत घुसला. तरी तिनं तिसरा डाव पुरा केला. सांगताना म्हणायची, "त्या पोरीला वाटलं, मी तिच्या पकडीनं किंचाळतेय. फुगली बिचारी. मी फुगू दिलं."

रिंगण सुटल्यावर ती मुखवटे शिवायला लागली. तीन दोऱ्यांनी डोक्याचं माप घ्यायची, कागदावर काही लिहायची नाही. अर्ध्या देशाच्या कुस्तीगिरांनी तिच्यापुढे बसून मुखवटे उतरवले आहेत. मी एकदा विचारलंही, कसे दिसतात गं ते? माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तिनं पोर हातात धरलं होतं, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. म्हटलं, मला तरी सांगेल.

"कान असतात, कोमाद्रे. नाक असतं. बाकी सगळ्यांचं तुझ्या नवऱ्यासारखंच, निराशाजनक."

कोमेताचं खरं नाव तिनं मलाही सांगितलं नव्हतं. आणि मी कोण, तर वस्तीतल्या प्रत्येकाच्या मतदार कार्डावरचं नाव पाठ असलेली बाई. बाजार समिती मी चालवते. पालिकेत मला बघून शिपाईसुद्धा जेवायला निघून जातात.

दोन वर्षांपूर्वी कोमेता विसरायला लागला. आधी मीठ, मग गिऱ्हाईकांची नावं, मग घराचा रस्ता. बोटं थरथरायला लागली तशी मुखवट्याच्या नाड्या ओब्दुलिया बांधू लागली. मी रोज सकाळी दूध द्यायला जायचे तेव्हा बघायचे. तो तिच्याकडे पाठ करून उभा राहायचा, मुखवटा तोंडावर, नाड्या मागे लोंबत. ती पहिली गाठ मारायची आणि म्हणायची, "बोट." तो हात मागे नेऊन गाठीवर बोट ठेवायचा, ती सैल होऊ नये म्हणून. मग दुसरी गाठ. "काढ." तो बोट काढायचा. इतर सगळं विसरला तरी हे कधी चुकला नाही.

ह्याच सुमारास कार्टूनवाले आले. राजधानीतली शिकलेली पोरं, वह्या घेऊन चार महिने गाडीपाशी बसली आणि फुकटचे तोर्ते खाऊन गेली. सिनेमा काय, तर निवृत्त महावीरांचं एक कुटुंब. बाप तोर्ते विकतो, आई मुखवटे शिवते, दोन मुलं उडतात, आणि संकट आलं की सगळे मिळून शहर वाचवतात. कोमेता आणि ओब्दुलियाला मूल नव्हतं.

"दोन पोरं दिलीत होय आम्हाला," ओब्दुलिया म्हणाली. "तीही उडणारी. बाळंतपण वाचलं."

त्यांच्यातल्या एका मुलीनं कोमेताला अदबीनं विचारलं, "बाबा, सिनेमात शेवटी मुखवटा पडतो. आतला चेहरा कसा काढू?"

"मी हरलो की कळेल," कोमेता म्हणाला.

त्यांनी मग रुंद जबड्याचा, काळ्या मिशांचा, चाळिशीचा देखणा बाप्या काढला.

सिनेमा तयार झाल्यावर मी हट्ट धरला की पहिला खेळ आमच्याच वस्तीत व्हायला हवा. माझा मतलब होता. म्हाताऱ्या कुस्तीगिरांना बघायला वस्तीच्या दवाखान्यात डॉक्टर हवा, ह्यासाठी मी तीन वर्षं पालिकेचे जिने झिजवत होते. मोडलेल्या मानांची, विसरभोळ्या डोक्यांची माणसं आमच्याकडे गल्लीगल्लीत आहेत. पालिकेचे साहेब सिनेमाला येणार, त्यांच्या शेजारी कोमेता बसणार, आणि सगळ्यांदेखत डॉक्टर मागणार. बोलायचं वाक्य मी आठवडाभर त्याच्याकडून घोकून घेतलं होतं.

रविवार, दुपारी बारा. बास्केटबॉलच्या मैदानाला पत्र्याचं छप्पर आहे. आम्ही बाजूंनी काळं प्लास्टिक लावून अंधार केला. पहिल्या रांगेत मधली खुर्ची, तिच्यावर मी स्वतः चिकटवलेला कागद: कोमेता.

साडेअकरालाच त्या खुर्चीत एक म्हातारा येऊन बसला. अंगात बनियन, खाली झोपायचा पायजमा, एकाच पायात सपात. डोक्यावरचे विरळ केस चिकटलेले. त्याचा चेहरा विचित्र होता. हनुवटी उन्हानं रापून तांब्यासारखी, आणि ओठांच्या वरचं सगळं भिजवलेल्या कणकेसारखं पांढरं. मला वाटलं, कातडीचा काही रोग असेल.

"आजोबा, ही जागा धरलेली आहे."

"हो. माझी आहे."

"कागदावर काय लिहिलंय ते वाचता येतं का?"

त्यानं कागदाकडे बघितलं, बराच वेळ. साहेबांची गाडी बाहेर लागली होती. माझं डोकं तापायला वेळ लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"कोण तुम्ही? कुठले?"

तो उठून उभा राहिला. छातीवर हात ठेवला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा म्हणाला, "फिदेन्सियो आर्साते. गाव अकाम्बारो. रिंगणात एकतीस वर्षं."

मागच्या रांगा हसल्या. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, कोणी शिट्टी मारली. हे आमच्याकडे रोजचंच. परक्या गावच्या माणसानं ते नाव म्हणजे नाव असं ऐकलं असतं आणि विचारलं असतं, फिदेन्सियो, घर कुठे तुमचं? मी नेसाची, मला त्यात दारुड्याची नक्कल ऐकू आली.

"सकाळी सकाळी कुठला गुत्ता उघडा सापडला हो?" मी म्हटलं. लोक अजून हसले, म्हणून मी आणखी एक टाकलं. "हरलात ना? मग आता घरी जा."

मी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. तो अडला नाही. दंड म्हाताऱ्याचा असून लाकडासारखा घट्ट होता. फुटपाथवर सोडल्यावर त्यानं डोळ्यांवर हात धरला, उन्हाची सवय नसल्यासारखा.

"तिला सांगा," तो म्हणाला, "नाड्या सुटल्या."

"सांगते," मी म्हटलं आणि आत वळले.

सिनेमा रिकाम्या खुर्चीशेजारी झाला. म्हटलं, म्हातारा घाबरला असेल गर्दीला, उशिरा येईल. पडद्यावर शेवटी मुखवटा पडला, आणि बापाला सगळ्या वस्तीनं क्षणात ओळखलं: तो पाव कसा धरतो त्यावरून. आमची माणसं रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू. साहेब मात्र मध्यंतरालाच निघून गेले होते.

दिवे लागले तेव्हा ओब्दुलिया दाराशी उभी होती. अंगात जत्रेतला जुना तांबडा अंगरखा, नटूनथटून आलेली, आणि चप्पल मात्र घरातली.

"तो घरात नाही, कोमाद्रे. मी संडासात होते. तेवढ्यात."

"केव्हा?"

"सकाळी. मी घरातच शोधत बसले. खाटेखाली बघितलं, गच्चीवर बघितलं, पाण्याच्या टाकीत बघितलं."

"अगं, पण बाहेर का नाही बघितलंस? आणि मुखवटा? मुखवटा घालून गेलाय ना?"

ती थांबली. आता आठवतं, चांगली थांबली.

"घालून गेलाय," ती म्हणाली.

मग मी कामाला लागले. हरवलेल्यांचे कागद चिकटवणं मला नवीन नाही. आमच्या भिंतींवर पोस्टरांवर पोस्टरं आहेत. हरवलेल्या मुलींच्या आयांसाठी मी कितीतरी केलीत. चेहरा, नाव, खूण, अंगावरचे कपडे. एवढं लागतंच. मी ओब्दुलियाकडे चेहऱ्याचा फोटो मागितला.

"हा घे." मुखवट्याचा दिला.

"अगं, आतला."

"कोमेता म्हटलं की पुरे. लहान पोर सांगेल."

नावही दिलं नाही. मी जास्त ताणलं नाही, कारण तिचा मान मला माझ्या मानाइतकाच कळतो. सहाशे पोस्टरं लावली. चंदेरी तोंड, तांबडा धूमकेतू, खाली माझा फोन. फोन आले, भरपूर आले. मुखवटे तर आमच्याकडे फुटपाथवर विकायला असतात. कोणी बसमध्ये पाहिला, कोणी वाढदिवसाच्या पार्टीत, एकानं तर फुगेवाला पकडून ठेवला. मी रविवारी आणि सोमवारी मिळून अकरा इस्पितळांना फोन केले. "मुखवट्यातला म्हातारा आलाय का?" एका ठिकाणचा माणूस हसला. त्याला मी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

मंगळवारी सकाळी दूध घेऊन तिच्याकडे गेले. मशीन बंद. टेबलावर अर्धं कापलेलं निळं कापड. मी पाय पसरून बसले आणि आपली कुरकुर सुरू केली, कारण गप्प बसणं मला जमत नाही. लोक मदत करत नाहीत, पोस्टरं फाडतात, सगळ्यांना थट्टा सुचते. "परवा रविवारीही बघ. तुझ्या नवऱ्याच्या खुर्चीत एक दारुडा. उठवलं तर छातीवर हात ठेवून सुरू. फिदेन्सियो अमुकतमुक, गाव अकाम्बारो, एकतीस—"

ओब्दुलियाचे हात टेबलावर होते. तिनं ते उचलले नाहीत.

"हनुवटी कशी होती?"

"रापलेली," मी म्हटलं. "तांब्यासारखी."

ती उठून गच्चीवर गेली. खाली आली तेव्हा तिच्या हातात मुखवटा होता. तीन दिवसांच्या वाऱ्यानं कडक वाळलेला, दोरीच्या चिमट्याचे वळ पडलेला.

"शनिवारी धुतला होता," ती म्हणाली. "सिनेमासाठी चकचकीत दिसावा म्हणून. त्याला उठल्यावर सापडला नसेल."

"तू मला म्हणालीस, घालून गेलाय."

"म्हणाले."

"मी दोन दिवस अख्ख्या शहराला चंदेरी तोंड शोधायला लावलं, ओब्दुलिया. दोन दिवस."

"एकतीस वर्षं त्याला कोणी हरवू शकलं नाही. मी त्याला भिंतीवर चिकटवून हरवू?" तिचा आवाज चढला नव्हता. "मला वाटलं, संध्याकाळपर्यंत आपणच येईल. मग वाटलं, सकाळपर्यंत. तू काय केलंस ते मी विचारतेय का?"

मी केलं ते तिला मीच आता सांगितलं होतं. दंडाला धरल्याचं सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं. नाड्यांचंही सांगितलं.

ती खाली बसली. "त्याला वाटलं असेल, तो हरला," ती म्हणाली. "तोंडावर मुखवटा नाही म्हणजे हरलोच की. मग सांगावं लागतं. नियमच आहे तो."

तिनं शिलाईच्या खणातून मण्यांच्या डबीखालून एक ओळखपत्र काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. पांढरं कपाळ, रापलेली हनुवटी. आर्साते, फिदेन्सियो. मी वीस वर्षांत पहिल्यांदा त्याचं नाव वाचलं, आणि ते मला पाठ होतं.

नाव हातात आल्यावर एकच फोन लागला. तेच इस्पितळ जिथला माणूस हसला होता. ह्या वेळी एक बाई होती.

"आर्साते, फिदेन्सियो. हो, रविवारी रात्री आणले. बसच्या शेवटच्या थांब्यावर पडले होते, अंगावर नुसतं बनियन. छाती भरली होती. नाव त्यांनी स्वतःच सांगितलं, गावही सांगितलं. सारखे एकतीस वर्षं, एकतीस वर्षं म्हणत होते. वय म्हणून लिहिणार होतो, पण दिसत तर ऐंशीचे होते. तुम्ही घरच्या का?"

"घरच्या," मी म्हटलं.

"आज पहाटे गेले. कोणी चौकशीला आलंच नाही हो."

आमच्यात कुस्तीगिराला मुखवट्यातच ठेवतात. शवपेटी त्याच बास्केटबॉलच्या मैदानात ठेवली, अख्खी वस्ती आली, म्हातारे कुस्तीगीर आपापले मुखवटे चढवून आले. पेटीपाशी पोचल्यावर रांग थबकली. ओब्दुलियानं चेहरा उघडा ठेवला होता.

एक जण, पूर्वी त्याच्याशी जोडीनं लढलेला, तिच्या कानाशी वाकला. "वहिनी, झाका. लोक बघतायत."

"बघू दे. थोडा वेळ बघू दे."

लोकांनी बघितलं. मक्याच्या पोळ्या विकणारी लुपेता पेटीच्या कडेला हात ठेवून उभी राहिली. "ह्यांना मी रविवारी पाणी दिलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, कोणाचा म्हातारा आहे. पुढे जा म्हटलं." बसचा ड्रायव्हर म्हणाला, तिकिटाला सुटे नव्हते, तरी बसू दिलं, शेवटच्या थांब्यावर उतरवलं. फुलवाल्याच्या दुकानापुढे तो तासभर बसला होता. फुलवाल्यानं त्याच्यामागच्या भिंतीवर त्याच दुपारी माझं पोस्टर लावलं होतं. टाळ्या वाजवणारा कोण होता तेही मला कळलं. तो टोपी काढून तशीच हातात चुरगाळत बाहेर गेला.

ओब्दुलिया प्रत्येकाला एकच सांगत होती. "हो. तोच." ना रागानं, ना रडून. गाडीवर पैसे घेताना बोलायची तशीच.

रांग संपल्यावर तिनं पिशवीतून मुखवटा काढला. इस्त्री केलेला. चिमट्याचे वळ गेले होते.

"कोमाद्रे, ये. डोकं उचल."

मी उचललं. त्याच डोक्याला मी रविवारी ऊन दाखवलं होतं. तिनं मुखवटा चढवला, डोळ्यांची भोकं नीट बसवली, हनुवटीखाली बोट फिरवून कड सारखी केली. मग नाड्या मागे घेतल्या आणि पहिली गाठ मारली.

"बोट," ती म्हणाली.

कोणाला म्हणाली ते तिला स्वतःलाही क्षणभर कळलं नसावं. मी गाठीवर बोट ठेवलं. खाली त्याची मान थंड होती. तिनं दुसरी गाठ ओढली, माझ्या नखावर नाडी रुतली.

"काढ."

मी काढलं.